झाकणाच्या आत

घरात नवं यंत्र आलं की खोका कोण उघडतं, हे मी कितीतरी वर्षं पाहत आले आहे. मिक्सर आईचा, वॉशिंग मशीन सुनेचं, रोज वापरणार त्याच. पण खोका फोडायचा, थर्मोकोल काढायचं, प्लग जोडून पहिल्यांदा बटण दाबायचं, हा मान मुलाचा. पुढे यंत्र अडलं की पाना-पकडीचा डबाही तोच काढतो. बाई त्या यंत्रावर पंधरा-वीस वर्षं काम करते, त्याचा आवाज जरा बदलला तरी बाहेरच्या खोलीतून ओळखते, आणि तरी झाकण उघडून आत बघत नाही. तिला कुणी मनाई केलेली नसते. ती वाकली की कुणीतरी मायेने म्हणतं, "राहू दे, मी बघतो." मुलींनी संगणकशास्त्राकडे वळावं म्हणून काय करावं, असा विषय निघाला की मला सगळ्यात आधी हे "राहू दे, मी बघतो" ऐकू येतं.

याला एक अपवाद माझ्या आठवणीत ठळक आहे, तो शिलाई मशीनचा. आमच्या आळीत पायमशीन चालवणाऱ्या बायका बॉबिन काढून आतला कचरा झाडत, तेल घालत, पट्टा सुटला तर स्वतः चढवत. दोरा का तुटतोय, याचा शोध त्या वरच्या रिळापासून सुईच्या टोकापर्यंत क्रमाने घेत. लग्नसराईत ब्लाउज वेळेवर द्यायचे असत आणि मेकॅनिक तालुक्याला असे. मशीन अडलं तर पैसे अडत. तेव्हा ते यंत्र आतून-बाहेरून त्यांचंच होतं. बायकांना यंत्राची उपजत भीती असते, हे मला म्हणूनच कधी पटलं नाही. दोष क्रमाने शोधायचा, एकेक शक्यता बाद करत जायची, हे तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं निम्मं काम. आमच्या आळीतल्या त्या बायका ते करत होत्या आणि त्याबद्दल त्यांना कुणी हुशार म्हटलं नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. संगणकशास्त्रात जगातल्या पहिल्या काही विद्यापीठांत त्याचं नाव घेतात. १९९५ साली तिथे या विषयाच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांत मुली शेकडा ७ होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी तिथल्या शंभरावर विद्यार्थ्यांशी पुन्हा पुन्हा बोलून, वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहून एक अभ्यास केला. तो 'अनलॉकिंग द क्लबहाउस' या नावाने २००२ साली पुस्तकरूपात आला. त्यात एक साधी गोष्ट सापडते: घरचा कॉम्प्युटर बहुतेक मुलाच्या खोलीत होता. वडील आणि मुलगा मिळून तो उघडत, जोडत, बिघडवत. मुलगी दारातून बघे, किंवा भावाचं झाल्यावर तिला थोडा वेळ मिळे. ही मुलं अठराव्या वर्षी कॉलेजात आली तेव्हा मुलग्यांच्या हातांना त्या यंत्राची कित्येक वर्षांची सवय होती. त्या सवयीलाच वर्गाने बुद्धी मानलं. मुलींनीही तेच मानलं, आणि परीक्षेत बरे गुण मिळत असतानाही आपण या विषयासाठी जन्मलेल्या नाही असं ठरवून त्यातल्या कित्येक जणी बाजूला झाल्या. आधी विश्वास गेला, मग रस गेला. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त रस गेलेला दिसतो आणि तो म्हणतो, मुलींना हे आवडतच नाही.

त्या देशात हे नेहमी असं नव्हतं. १९८४-८५च्या सुमारास तिथे संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुली शेकडा ३७पर्यंत पोहोचल्या होत्या. पुढे पंचवीस वर्षांत तो आकडा १८च्या आसपास उतरला. वैद्यक आणि कायद्यात मुलींचा टक्का वर जात होता त्याच काळातली ही गोष्ट. घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला तो मुलांचं खेळणं म्हणून, जाहिरातींत मुलगेच. त्याआधी कॉम्प्युटर कुणाच्याच घरी नव्हता, म्हणून सगळेच कॉलेजात पहिल्यांदा त्याला हात लावत.

आणि अगदी आरंभी तर बायकाच होत्या. फिलाडेल्फियात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या मार्गांची गणितं करायला गणित शिकलेल्या तरुण मुली नेमल्या होत्या. टेबलावरच्या यंत्रावर एका मार्गाचं गणित सुटायला तीस-चाळीस तास लागत. हे काम क्षणात व्हावं म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनियाक हा कॉम्प्युटर उभा राहिला: सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, एक सबंध खोली भरून. त्याला काम सांगण्यासाठी त्या मुलींतल्या सहा निवडल्या. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस, रूथ लिक्टरमन. मी ही सगळी नावं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुष्कळ वर्षं ती कुठे छापलीच जात नव्हती.

या सहा जणींना सुरुवातीला एनियाकच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. लष्करी गुपित होतं ते. त्यांच्या हातात यंत्राचे आराखडे दिले आणि शिका म्हणून सांगितलं. शिकवणारं कुणी नाही, पुस्तक तर जगात नव्हतंच. त्या आराखड्यांवरून, यंत्र बनवणाऱ्या इंजिनिअरांना गाठून प्रश्न विचारत त्यांनी ते आतून समजून घेतलं, इतकं की पुढे यंत्र चुकलं तर नेमकी कुठली ट्यूब गेली हे त्या सांगू शकत. फेब्रुवारी १९४६मध्ये एनियाक लोकांना दाखवायचा ठरला. तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवणारा प्रोग्रॅम बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज यांचा. आदल्या रात्री उशिरापर्यंत दोघी त्याच्याशी झगडत होत्या, कारण गोळा जमिनीवर आदळल्यावरही गणित थांबत नव्हतं, गोळा आपला जमिनीत खोल जातच होता. बेटीला उत्तर झोपेत सुचलं. सकाळी येऊन तिने एक स्विच बदलला आणि सगळं बरोबर चाललं. प्रात्यक्षिक गाजलं, वर्तमानपत्रांत फोटो आले. संध्याकाळी मेजवानी झाली, तिचं आमंत्रण या मुलींना नव्हतं. पुढे १९८०च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने ते जुने फोटो पाहून या बायका कोण अशी चौकशी केली, तेव्हा तिला उत्तर मिळालं की त्या नुसत्या शोभेला उभ्या केलेल्या असतील. तिने ते मानलं नाही, शोध घेतला, म्हणून आज आपल्याला ही नावं ठाऊक आहेत.

मला या हकिकतीत मेजवानीपेक्षा आराखडे महत्त्वाचे वाटतात. अन्याय तर झालाच, पण एक गोष्ट त्यांना मिळाली होती, जी माझ्या पिढीतल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या हजारो बायकांना मिळाली नाही. यंत्राच्या आत काय आहे ते त्यांच्या पुढ्यात उलगडून ठेवलं होतं.

मी बँकेत कारकून होते. १९८४मध्ये बँकांत कॉम्प्युटर आणण्याविषयीचा रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतरच्या वर्षांत शाखांमधून एएलपीएम बसू लागली. लेजरमधल्या नोंदी करणारी ती यंत्रं. टायपिंगची थर्टी-फॉर्टी झालेली, म्हणून आम्हा बायकांना त्यांच्यासमोर बसवलं गेलं. आमची बोटं वेगाने चालत, चुका कमी होत. पण यंत्र मध्येच थांबलं की वरच्या कार्यालयातून माणूस यायचा. तो येईपर्यंत काउंटरवरची रांग आम्ही सांभाळायची. तो आला की आम्ही खुर्ची सोडायची. पाच-दहा मिनिटं तो काहीबाही करी आणि यंत्र सुरू होई. काय झालं होतं, असं विचारलं तर "झालं मॅडम, करा सुरू" एवढंच. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण गणितात बी.एस्सी. होती, विद्यापीठात नंबरात आलेली. ती त्याच्या मागे उभी राहून तो कोणत्या कळा दाबतो ते पासबुकाच्या फाटक्या पानावर टिपून घ्यायची. पुढच्या खेपेला यंत्र अडलं तेव्हा तिने ते स्वतः चालू केलं. तिला शाबासकी मिळाली नाही. परवानगीशिवाय हात लावल्याबद्दल समज मिळाली. ती आजच्या काळात असती तर उत्तम सिस्टीम इंजिनिअर झाली असती, हे मी कुणासमोरही सांगेन.

आता कुणी म्हणेल, ते दिवस गेले. बरोबर आहे, पुष्कळ बदललं. आपल्याकडचं चित्र अमेरिकेच्या उलट आहे. इथे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली भरपूर दिसतात, आयटी कंपन्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक बायका आहेत, आणि तिकडच्या अभ्यासकांना याचं नवल वाटतं. त्यांनी इथल्या मुलींना विचारलं तर कारणंही मिळाली. सिव्हिलला उन्हात साइटवर उभं राहावं लागतं, मेकॅनिकलला शॉपफ्लोअर. मुलीला आपलं कॉम्प्युटरच बरं. एसी ऑफिस, खुर्चीवरचं काम, न्यायला-आणायला गाडी. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या दिवसांत आपल्या घराघरांतून हेच बोललं जातं.

या बोलण्याला मी नावं ठेवणार नाही. त्यानेच कितीतरी मुली परभणीहून, साताऱ्याहून हिंजवडीच्या आयटी पार्कला पोहोचल्या. त्यांच्या नावावर पगार जमा झाला, चौघी जणींनी मिळून फ्लॅट घेतला, लग्नाची घाई मागे पडली, घरच्या कर्जाचे हप्ते त्यांनी फेडले. तालुक्याच्या गावांत टायपिंगच्या क्लासची जागा एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या कोर्सने घेतली. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागतं म्हणून नवऱ्यांनी बायकांना आणि सासऱ्यांनी सुनांना स्वतःहून त्या क्लासला धाडलं. त्यातून केवढं दार उघडलं, ते ज्यांनी त्या लॅबबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग पाहिली आहे त्यांना कळेल.

पण सुरक्षित म्हणून जे निवडलं जातं, तिथे सुरक्षितपणाची अट पुढेही मागे लागून येते. कॅम्पसमधून नोकरी लागते आणि घरून फोन येतो: डेव्हलपमेंटला रात्रीअपरात्री थांबावं लागतं म्हणे, टेस्टिंग मागून घे. सपोर्ट नको, शिफ्ट असते. ऑनसाइट कशाला, आता स्थळं बघतोय. टेस्टिंग हे कसून विचार करायचं काम आहे, त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण ते तिने निवडलेलं असावं. संध्याकाळी सहाला सुटतं म्हणून तिच्यासाठी इतरांनी निवडलेलं नसावं. तिला यंत्राच्या जवळ तर आणलं, आणि झाकण उघडायची वेळ आली की पुन्हा तेच, "राहू दे."

हातात फोन तरी आहे का, हा प्रश्न वेगळाच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम शेकडा ३३ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ जणांनी. स्वतः वापरते असा फोन असलेल्या बायका निम्म्याहून थोड्याच जास्त. शाळा बंद होत्या त्या दिवसांत ज्या घरात एकच फोन होता तिथे तो आधी कुणाच्या हाती जात असेल, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो.

आमच्या शेजारी राहणारी मुलगी बीडजवळच्या एका गावातून बारावी होऊन इंजिनिअरिंगला पुण्यात आली. सीईटीला भरघोस पर्सेंटाइल. पहिल्या सेमिस्टरला सी भाषेचं प्रॅक्टिकल. वर्गातल्या निम्म्या मुलांनी अकरावी-बारावीला बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं; त्यांचा प्रोग्रॅम दहा मिनिटांत चालायचा. तिच्या ज्युनिअर कॉलेजात बायफोकल नव्हतंच. सर विचारायचे, सगळ्यांना कळलं ना? पुढच्या बाकांवरून हो यायचं. ही गप्प. दिवाळीत घरी जाताना ती मला म्हणाली, "काकू, मला वाटतं माझं डोकं यासाठी नाहीये." गणितात जिचे कधी गुण गेले नाहीत ती हे म्हणत होती. मी तिला धीराचे चार शब्द सांगितले, आणि सांगता सांगताच जाणवलं की धीर पुरायचा नाही. तिला हवा होता तो ज्यांना काहीच येत नाही अशांचा वर्ग, आणि कुणी खांद्यावरून डोकावत नाही असा कॉम्प्युटर.

कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने नेमकं हेच केलं. त्यांनी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या तासाचे दोन भाग पाडले. ज्यांनी आधी कोड लिहिलाय ते एकीकडे, ज्यांनी कधीच नाही ते दुसरीकडे. ज्या मुलांना वर्गात सगळं येत असल्याचं दाखवायची सवय असते, त्यांना प्राध्यापक बाजूला घेऊन सांगत की तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण या चर्चा आपण तासानंतर करू, बाकीचे बुजतात. त्यांनी नव्या मुलींना संगणक क्षेत्रातल्या बायकांच्या भल्या मोठ्या परिषदेला नेलं. तिथे आपल्यासारख्या हजारो जणी त्यांनी एका छताखाली पाहिल्या. मारिया क्लावे तेव्हा कॉलेजच्या अध्यक्ष होत्या. संगणकशास्त्रात शेकडा १०च्या आसपास असलेलं मुलींचं प्रमाण पाचेक वर्षांत ४०वर गेलं. कार्नेगी मेलननेही अनुभवानुसार वेगळे वर्ग केले, प्रवेशात आधीच्या कोडिंगचं वजन कमी केलं, आणि १९९५च्या ७चे २०००मध्ये ४२ झाले. या दोन्ही ठिकाणी मुली बदलल्या नव्हत्या. बदलली ती शिकवण्याची रीत आणि वर्गाची मांडणी. आपल्या विद्यापीठांत पहिल्या सेमिस्टरला बायफोकलवाले आणि बाकीचे अशा दोन तुकड्या करायला किती खर्च येईल? मला तर काही दिसत नाही.

आयआयटींनी २०१८पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या. कुणा मुलाची जागा कमी न करता काढलेल्या. २०१६ला नव्याने आलेल्यांत मुली शेकडा ८ होत्या, २०२०पर्यंत २० झाल्या. त्यावर गुणवत्तेचा ओरडा झाला. ज्या परीक्षेच्या तयारीसाठी दोन-दोन वर्षं परगावी ठेवलेला मुलगा आणि घरची संध्याकाळची कामं उरकून बसणारी मुलगी एकाच रांगेत उभी असतात, तिथे क्रमांकांच्या फरकाने बुद्धी मोजता येते असं मला वाटत नाही.

नोकरी लागल्यावर दुसरी गळती सुरू होते, पहिल्या मुलाच्या जन्मानंतर. तेव्हा मला स्टीव्ह शर्ली आठवतात. १९३९ साली नाझींच्या तावडीतून सुटून, आई-वडिलांना मागे ठेवून, पाच वर्षांची असताना आगगाडीने इंग्लंडला पोहोचलेली ही ज्यू मुलगी. नाव स्टेफनी, पण त्या नावाने लिहिलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून नवऱ्याच्या सल्ल्याने त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. १९६२ साली त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावरून कंपनी काढली. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रॅमर बायकांना त्या घरबसल्या काम देत. बायका पेन्सिलने कागदावर कोड लिहीत आणि पोस्टाने पाठवत. गिऱ्हाइकाचा फोन आला की मुलांचा कलकलाट ऐकू जाऊ नये म्हणून शर्ली मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावत. पहिल्या ३०० माणसांत पुरुष तिघेच. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच घरी बसलेल्या बायकांनी केलं. २०२५मध्ये शर्ली वारल्या. मूल झालेली बाई कामाला नालायक होत नाही, फक्त कामाची वेळ आणि जागा हलवावी लागते, हे त्यांनी धंदा करून दाखवलं. आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६वर नेली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. ही तरतूद मोलाची आहे. सत्ताविसाव्या आठवड्याला ती परत येते तेव्हा तिचा प्रोजेक्ट तिचाच असतो का, हे मात्र टीम लीडच्या हाती राहतं.

पुण्यात कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९९१पासूनचं. तो भाग म्हणजे पूर्वीचं हिंगणे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी झोपडी उभारल्यावर रोज चिखल तुडवत तिथून कॉलेजला चालत जात-येत. गणिताच्या प्राध्यापकाने बायकांच्या शिक्षणासाठी घर उभारलं आणि नव्वद वर्षांनी त्याच संस्थेने मुलींना कॉम्प्युटर शिकवायला घेतलं, याचा मला अभिमान वाटतो. कर्व्यांचं मोठेपण मला त्यांच्या झोपडीत दिसतं. शिका, असं सांगून ते थांबले नाहीत. शिकणारी बाई राहील कुठे, जेवेल काय, हे त्यांनी आधी पाहिलं.

तसंच आज पाहायला हवं. राज्य सरकारने २०२४-२५पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. बीडच्या त्या मुलीच्या धाकट्या बहिणीला त्याचा उपयोग होईल. पण मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री लवकर बंद होतं, आणि कोड तर रात्रीच जुळत येतो; ज्याने लिहिलाय त्याला विचारा. मुलगे लॅबमध्ये बारा-एकपर्यंत बसतात, हॅकेथॉन रात्रभर चालतात, तिथेच ओळखी होतात, तिथेच शिकणं होतं, आणि मुली नऊ-दहाच्या हजेरीला पळतात. सुरक्षिततेची काळजी खरी आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. लॅब मुलींनाही मध्यरात्रीपर्यंत उघडी असावी, तिथे महिला कर्मचारी असावी, दर तासाला लॅब ते वसतिगृह अशी कॉलेजची बस असावी, आणि हजेरीच्या रजिस्टरमध्ये "लॅबमध्ये" असा एक रकाना वाढवावा. येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू करता येण्याजोगं आहे.